इलेक्ट्रॉनिक सिंबल ड्रम मॉड्यूलला कसं जोडावं: स्टँडपासून सेटिंगपर्यंत

नवीन सिंबल जोडलं आणि आवाज आलाच नाही, किंवा आला तो लगेच तुटला, की बहुतेकांचा हात थेट मॉड्यूलच्या, म्हणजे फटक्यांचे सिग्नल घेऊन आवाज काढणाऱ्या पेटीच्या, मेन्यूकडे जातो. सेन्सिटिव्हिटी (फटक्याला मिळणारा प्रतिसाद) वाढवतात, थ्रेशोल्ड (ज्याखालचा फटका मोजला जात नाही ती पातळी) उतरवतात आणि दोष जागच्या जागी राहतो. असे दोष बहुधा केबलमध्ये, नटाच्या घट्टपणात किंवा पॅड टाइपच्या, म्हणजे कोणतं पॅड जोडलं आहे हे मॉड्यूलला सांगणाऱ्या सेटिंगच्या, निवडीत असतात. म्हणून क्रम पाळावा: आधी सिंबल बसवणं, मग केबल, मग पॅड टाइप, आणि आकडे सगळ्यात शेवटी.

सिंबलच्या आत काय चालतं

पुढचं सगळं यावर अवलंबून आहे, म्हणून हे आधी समजून घ्यावं. सिंबलच्या आत पिझो नावाची पातळ चकती असते. मधल्या पसरट भागावर, म्हणजे बोवर, काठी पडली की चकती थरथरते आणि क्षणभर व्होल्टेज तयार होतं. जितका जोरात फटका, तितकं जास्त व्होल्टेज. कडेच्या रबराखाली पट्टीसारखा स्विच असतो, तो दाबला की सर्किट जुळतं. नेहमीच्या दोन झोनच्या, म्हणजे वेगळा आवाज देणाऱ्या दोन भागांच्या, सिंबलमध्ये मॉड्यूल या दोन गोष्टी एकत्र वाचतं. नुसता पिझो हलला तर बो, पिझो हलला आणि स्विचही दाबला गेला तर एज, म्हणजे कडा, आणि फटका न पडता नुसताच स्विच दाबला तर चोक, म्हणजे हाताने धरून आवाज थांबवणं.

हे दोन सिग्नल एकाच स्टिरिओ केबलमधून जातात. 6.35 मिलिमीटरच्या प्लगचं टोक पिझोचं, मधलं कडं स्विचचं आणि मागचा लांब भाग अर्थचा.

स्टँडवर बसवणं

दांड्यावर सगळ्यात खाली स्टॉपर येतो, त्यावर सिंबल, मग फेल्ट आणि वर विंग नट. स्टॉपर गाळू नये. तो नसेल तर वाजवता वाजवता सिंबल फिरतं, केबल दांड्याभोवती गुंडाळली जाते आणि जॅकवर ताण येतो. त्याहून मोठी अडचण म्हणजे अनेक सिंबल्समध्ये कडेचा स्विच पूर्ण गोल नसतो, वाजवणाऱ्याच्या बाजूच्या अर्ध्या भागातच असतो. सिंबल फिरलं की तुम्ही स्विच नसलेल्या कडेवर मारत राहता आणि एज लागत नाही. कडा अंगठा आणि बोटांत धरून थोड्या थोड्या अंतरावर दाबून पाहावी. जिथे रबर किंचित आत जाऊन दबल्यासारखं लागतं, तो भाग आपल्याकडे ठेवावा.

विंग नट इतकाच आवळावा की फटक्यानंतर सिंबल मोकळेपणी डुलेल. फार आवळलं तर फटक्याचा सगळा धक्का स्टँडमध्ये उतरतो, शेजारचे पॅड आपोआप वाजू लागतात आणि प्लास्टिकच्या बेलवर, म्हणजे मधल्या उंचवट्यावर, ताण येतो. फार सैल ठेवलं तर सिंबल दांड्यावर आपटतं आणि एका फटक्याचे दोन आवाज येतात.

केबल

जोडणी करताना मॉड्यूल बंद असावं किंवा निदान आवाज शून्यावर असावा. प्लग आत-बाहेर होताना जो ठोका उठतो तो हेडफोनमध्ये कानाला फार लागतो.

इथली सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे गिटारची मोनो केबल वापरणं. मोनो प्लगला मधलं कडं नसतं, त्यामुळे जॅकमध्ये स्विचची तार थेट अर्थला टेकते. मॉड्यूलला वाटतं की कडा कोणीतरी सतत धरून ठेवली आहे. मग सिंबल एक तर वाजत नाही, किंवा प्रत्येक आवाज सुरू होताच दाबला जातो, किंवा कुठेही मारलं तरी एजच वाजतो. प्लगवर दोन काळ्या रेघा दिसल्या तर केबल स्टिरिओ, एकच दिसली तर मोनो. ही तपासणी दहा सेकंदांची आहे आणि तासभराची डोकेदुखी वाचवते.

प्लग जॅकमध्ये शेवटपर्यंत, टक् असं जाणवेपर्यंत जावा. अर्धवट बसलेल्या प्लगची लक्षणंही मोनो केबलसारखी असू शकतात. सिंबलजवळ केबलचा एक सैल वेढा सोडावा आणि मगच ती वेल्क्रोच्या पट्टीने बूमला, म्हणजे स्टँडच्या आडव्या दांड्याला, बांधावी, म्हणजे सिंबल डुललं तरी केबल ओढली जाणार नाही.

मॉड्यूलकडून एकाच जाड प्लगमधून अनेक केबल्सचा गुच्छ येत असेल तर प्रत्येक टोकावरची खूण वाचून जोडावं. क्रॅशची केबल टॉमच्या पॅडला लागली तर आवाज येतो, पण रिम (ड्रमच्या पॅडची कड) आणि चोक दोन्ही बिघडतात. टॉम किंवा स्नेअरच्या पॅडमध्ये रिमसाठी अनेकदा दुसरा पिझो असतो, सिंबलमध्ये स्विच असतो. काही मॉड्यूल्समध्ये टॉमचं इनपुट फक्त दोन पिझोंसाठीच बनवलेलं असतं. तिथे सिंबलचा बो वाजेल, एज कधीच नाही.

राइडचे तीन झोन

राइडला बो आणि एजशिवाय बेल असते. इथे कंपन्यांच्या पद्धती वेगळ्या आहेत. रोलँडच्या तीन झोनच्या नेहमीच्या राइडला दोन जॅक असतात, एक बो आणि एजचा, दुसरा बो आणि बेलचा. दोन्ही केबल्स दोन इनपुटमध्ये जातात. यामाहा तीनही झोन एकाच स्टिरिओ केबलमधून पाठवतं. एज आणि बेल यांच्या स्विचचा रोध वेगळा ठेवलेला असतो आणि त्यावरून मॉड्यूल झोन ओळखतं. म्हणून एका कंपनीचं राइड दुसऱ्या कंपनीच्या मॉड्यूलला जोडलं तर बो बहुधा वाजतो, बेलची खात्री नाही. विकत घेण्याआधी मॉड्यूलच्या माहितीपुस्तिकेतली चालणाऱ्या पॅड्सची यादी पाहावीच. यूएसबीने जोडायच्या डिजिटल सिंबल्सना डिजिटल ट्रिगरचं इनपुट असलेलं मॉड्यूलच लागतं.

मॉड्यूलला राइडसाठी एकच इनपुट असेल तर बो-एजचा जॅक जोडावा की बो-बेलचा, हे आपल्या वाजवण्यावरून ठरवावं. राइडची कडा क्रॅशसारखी वापरत नसाल तर बेल निवडणं चांगलं.

बेल वाजत नसेल तर आधी फटका तपासावा. आत दाबाचा स्विच असेल तर काठीच्या टोकाने हलकेच मारून तो दाबला जात नाही. काठीच्या खांद्याने, म्हणजे टोकामागच्या निमुळत्या भागाने, बेलच्या उतारावर मारावं. कडेलाही हेच लागू आहे.

हाय-हॅट

हाय-हॅटला दोन जोडण्या लागतात, एक फटक्याची आणि एक पायाच्या कंट्रोलरची. स्थिर पॅड आणि वेगळं पेडल असेल तर काम सोपं आहे. फक्त मॉड्यूल चालू होताना पेडलवर पाय ठेवू नये, कारण काही मॉड्यूल्स त्या क्षणी पेडल जिथे असेल तीच उघडी स्थिती धरतात.

खऱ्या स्टँडवर बसणाऱ्या हाय-हॅटला वेळ द्यावा लागतो. क्लच (वरचा भाग दांड्याला धरून ठेवणारी पकड) सैल करून वरचा भाग सेन्सरवर नुसत्या वजनाने टेकू द्यावा, मॉड्यूलमधलं ऑफसेट (अंतर मोजण्याची सुरुवातीची खूण) पडद्यावरच्या खुणेपर्यंत आणावं आणि मग क्लच आवळावा. सुरुवातीला वरचा भाग आणि सेन्सर यांतलं अंतर अंदाजे 10 मिलिमीटर ठेवून पाहावं. अंतर फार कमी असेल तर हाय-हॅट पूर्ण उघडत नाही, फार जास्त असेल तर अर्धवट उघडा आवाज नेमका सापडत नाही. क्लच किंवा स्टँड हलवलं की ऑफसेट पुन्हा करावं.

आता आकडे

सगळ्यात आधी पॅड टाइप. यादीत तुमचं मॉडेल असेल तर तेच, नसेल तर त्याच प्रकारचं आणि साधारण त्याच आकाराचं निवडावं. योग्य टाइप निवडला की बाकीचे आकडे आपोआप कामचलाऊ होतात.

सेन्सिटिव्हिटी अशी ठेवावी की तुमच्या सगळ्यात जोरदार फटक्यालाच मीटर कमालीला, म्हणजे मिडीच्या मापात 127 ला, टेकेल. मध्यम फटक्यालाच टेकत असेल तर वाजवण्यातला चढउतार संपतो.

थ्रेशोल्डसाठी सिंबलला हात न लावता किक आणि शेजारचे पॅड जोरात वाजवावेत. थ्रेशोल्ड हळूहळू वाढवत, सिंबल आपोआप वाजणं जिथे थांबेल तिथेच थांबावं, कारण पुढे गेलात तर हलके फटके गायब होतात. तरीही शेजारच्या पॅडचा धक्का पोहोचत असेल तर क्रॉसटॉक कॅन्सल (शेजारच्या पॅडचा धक्का गाळणारी सेटिंग) एकेक पायरी वाढवावं, पण त्याआधी रॅकचे क्लॅम्प आणि विंग नट पुन्हा पाहावेत.

एका फटक्याला दोन आवाज येत असतील तर मास्क टाइम वाढवावा. फटक्यानंतर तितका वेळ मॉड्यूल दुसरा फटका मोजत नाही. मिनिटाला 200 ठोक्यांच्या लयीत सोळाव्या भागाच्या (एका ठोक्यात चार) दोन फटक्यांत 75 मिलिसेकंद असतात, त्यामुळे 10–15 मिलिसेकंदांनी वाजवण्याला धक्का लागत नाही. मात्र 40–50 च्या पुढे गेलात तर वेगवान रोलमधले फटके गळू शकतात.

ट्रिगरची, म्हणजे फटके ओळखण्याची, सेटिंग्ज किटपासून (आवाजांच्या संचापासून) वेगळी साठवली जातात का, हे पाहून सेव्ह करावं.

एवढं करूनही दोष राहिला तर अदलाबदल करून तो कुठे आहे ते शोधावं. आधी त्याच सिंबलला दुसरी, चालते याची खात्री असलेली केबल लावावी. दोष गेला तर केबल बदलायची. नाही गेला तर मॉड्यूलमधलं दुसरं सिंबल-इनपुट वापरून पाहावं, पॅड टाइप तोच ठेवून. तिथे सिंबल नीट वाजलं तर दोष पहिल्या इनपुटचा किंवा त्याच्या सेटिंगचा. तिथेही तेच घडलं तर दोष सिंबलमध्ये आहे. फक्त एज किंवा चोक मेला असेल आणि बो ठीक असेल तर कडेचा स्विच किंवा त्याची तार तुटली आहे, आणि हा दोष कोणत्याही सेटिंगने भरून निघत नाही.