पन्हळीवर बसणारं टपाचं कॅरिअर: बोलेरो, जिमनी आणि तशाच गाड्यांसाठी

टपावर किती वजन चालतं ते कॅरिअरच्या खोक्यावर बघू नका, गाडीच्या पुस्तिकेत बघा. खोक्यावर ‘100 किलो’ छापलेलं असलं तरी तो आकडा त्या चौकटीचा असतो. खालचा टप आणि त्याच्या कडेची पत्र्याची पन्हळ तेवढं पेलतील की नाही, हा प्रश्न वेगळा. दोन्हींपैकी जो आकडा लहान, तो आपला.

त्या आकड्यातून कॅरिअरचं स्वतःचं वजनही वजा करायचं असतं, आणि नेमकं हेच राहून जातं. ऑस्ट्रेलियात आणि युरोपात विकल्या गेलेल्या तीन दारांच्या जिमनीच्या टपाला कंपनी फक्त 30 किलोंची मुभा देते. लोखंडी, कठड्याचं कॅरिअर 25 ते 35 किलो सहज भरतं, म्हणजे पहिली पिशवी चढण्याआधीच हिशोब संपला. अशा गाडीवर ॲल्युमिनियमचं छोटं, सपाट कॅरिअर किंवा नुसत्या दोन आडव्या दांड्याच शोभतात.

पुस्तिकेतला आकडा डांबरी रस्ता धरून दिलेला असतो. कच्च्या वाटेवर चाक खड्ड्यात आपटलं की 40 किलोचं सामान क्षणभर त्याच्या दुप्पट-तिप्पट जोराने कॅरिअरच्या पायांवर आदळतं. म्हणून मूळ आकड्याचा तिसरा हिस्सा सोडून द्यावा. मुभा 75 किलो असेल तर कच्च्या रस्त्यासाठी 50 धरा. त्यातून 22 किलोचं कॅरिअर वजा केलं की हातात 28 उरतात. तंबू, झोपण्याच्या पिशव्या आणि चिखलात चाकाखाली घालायच्या दोन फळ्या, एवढं त्यात आरामात बसतं. 25 किलोची स्टेपनी वर टाकली तर बाकी काहीच बसत नाही.

कोणत्या गाडीला काय

बोलेरो आणि जिमनीच्या टपाच्या दोन्ही कडांना पत्र्याची उघडी पन्हळ असते. कॅरिअरचा पाय पन्हळीत बसतो आणि खालून पायाचा जबडा, म्हणजे पकड, तिची कड धरतो. भोक पाडायची गरज नाही आणि वजन लांब कडेवर वाटलं जातं. आजही यापेक्षा भरवशाची पद्धत नाही. पन्हळ नसलेल्या गाडीला कंपनीने टपाच्या पट्टीखाली बोल्टची जागा ठेवली आहे का ते बघा; असेल तर तीच वापरा. कापडी किंवा फायबरच्या टपावर कॅरिअर थेट बसवू नये. तिथे गाडीच्या सांगाड्याला धरलेली बाहेरची चौकट लागते.

टपाच्या कडेला ड्रिल मात्र लावू नका. पाच दारांच्या जिमनीत पडद्याच्या, म्हणजे खिडक्यांवर पडद्यासारख्या उघडणाऱ्या, एअरबॅग आहेत आणि त्या याच कडेच्या आत, अस्तराखाली गुंडाळलेल्या असतात. शिवाय भोकाच्या कडेचा उघडा पत्रा एका पावसाळ्यात गंजायला लागतो.

वेल्ड करून कायमचं कॅरिअर बसवायचा विचार असेल तर आधी परिवहन कार्यालयात चौकशी करा. नोंदणीपत्रातल्या तपशिलात फरक पडेल असा बदल मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 खाली परवानगीशिवाय करता येत नाही. विमा कंपनीलाही लेखी कळवा. नट-बोल्टने निघणारं कॅरिअर घेतलं की बरीच कटकट वाचते.

बसवण्याआधी पन्हळ

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. पन्हळीत वर्षानुवर्षं पाला आणि माती साचून ओली राहते. नायलॉनच्या ब्रशने आणि साबणाच्या पाण्याने ती टोकापासून टोकापर्यंत धुवा आणि पूर्ण वाळू द्या. मग बोट फिरवत जा. पन्हळीच्या तळाशी सांध्यावर भरलेल्या सीलंटची जाड रेघ लागेल. ती सलग असायला हवी. कुठे तडा असेल किंवा रंगाखाली फुगवटा लागत असेल तर तिथे स्क्रू ड्रायव्हरचं टोक हलकेच दाबा. पत्रा कुरकुरला किंवा टोक आत गेलं, तर काम थांबवा, आधी डेंटिंगवाल्याकडे. कुजलेल्या कडेवर जबडा आवळला की ती बिस्किटासारखी तुटते, आणि तुटते ती बहुधा घाटात, सामानासकट.

वरवरचा गंज 120 नंबरच्या पॉलिश पेपरने घासून काढा, प्रायमर आणि रंग लावा, आणि किमान 24 तास हात लावू नका. ओल्या रंगावर रबर दाबलं की रंग रबराबरोबर निघून येतो.

जोडणी

हत्यारं फार नाहीत: 10 आणि 13 नंबरचे पाने, एलन की, टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते दाखवणारा), मेजर टेप, मास्किंग टेप, रंगाचा मार्कर. सोबत एक जुनी गोधडी आणि मदतीला दोन माणसं.

कॅरिअर गोधडीवर उलटं ठेवून जोडा आणि सगळे बोल्ट फक्त हाताने बसवा. आत्ताच आवळले तर चौकट किंचित तिरकी राहते आणि टपावर चढवल्यावर चौथा पाय पन्हळीत बसतच नाही. दोन्ही कर्ण मापून बघा. फरक 5 मिलिमीटरच्या आत आला की चौकट काटकोनात आहे. मग चौकटीचे बोल्ट आवळा, पायांचे सैलच ठेवा.

टपावर पायांच्या जागा मास्किंग टेपने आखून घ्या. दोन्ही बाजूंनी पन्हळीच्या मागच्या टोकापासून माप घ्या. डोळ्याच्या अंदाजाने हमखास बोटभर चुकतं. पाय शक्यतो खांबांच्या वर येऊ द्या, म्हणजे दोन दारांच्या मधल्या आणि मागच्या दारामागच्या खांबावर. दाराच्या मध्यावर कड खालून पोकळ असते. लांब कॅरिअरला पायांच्या तीन जोड्या लागतात. पुढचं टोक हवेत लोंबकळत ठेवू नये.

चढवताना दोघांनी दोन बाजूंनी आणि तिसऱ्याने मागून धरावं. टपावर गुडघा टेकू नका, पत्रा दबतो. कॅरिअर बसल्यावर त्याचा सगळ्यात खालचा भाग आणि टप यांच्यात किमान 25 मिलिमीटर फट हवी. एक चाक दगडावर चढलं की गाडीचा सांगाडा पिळतो आणि टपही हलतो. फट कमी असेल तर दोन दिवसांत रंग खरवडला जातो. याच वेळी मागचं दार पूर्ण उघडून बघा आणि अँटेना कुठे अडते का तेही.

आता पाय. जबडा आणि पत्रा यांच्यामध्ये रबरी पट्टी असलीच पाहिजे. सायकलच्या ट्यूबचा तुकडा चालत नाही, उन्हात तो चिकट होतो. ईपीडीएम या ऊन-पाऊस सोसणाऱ्या रबराची पट्टी घ्या. चारही कोपरे आळीपाळीने, दर वेळी दोन-दोन फेरे देत आवळा. एक बाजू आधी पूर्ण आवळली तर कॅरिअर तिकडे सरकतं आणि दुसऱ्या बाजूचा जबडा कडेच्या टोकावर जेमतेम टेकतो. बाहेरून तो बसल्यासारखाच दिसतो, म्हणून खाली वाकून प्रत्येक जबडा डोळ्याने बघा.

किती आवळायचं हे बनवणाऱ्याच्या कागदावर असतं आणि तेच पाळायचं. कागद नसेल तर एम6 च्या (6 मिलिमीटर जाडीच्या) बोल्टला 8 ते 10 न्यूटन-मीटर आणि एम8 च्या (8 मिलिमीटरच्या) स्टेनलेस बोल्टला 16 ते 20 पुरतात. ‘अजून एक पाव फेरा’ देण्याचा मोह घातक आहे. पन्हळीची कड वाकली की आतलं सीलंट तडकतं, आणि पहिल्या मोठ्या पावसात पुढच्या काचेशेजारच्या खांबातून पाणी उतरून अस्तर भिजतं. मग लोक काचेच्या रबराला दोष देत राहतात.

शेवटी कागदाची पट्टी दारात धरून दार बंद करा आणि ओढा. प्रत्येक जबड्याखाली हे करा. कागद सहज निसटला तर जबडा दाराच्या रबराला ढकलतोय. पाय थोडा सरकवा. मग दांडी दोन्ही हातांनी धरून जोरात हलवा. पूर्ण गाडी स्प्रिंगवर डुलली पाहिजे, कॅरिअर एकटं हलता कामा नये.

प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून खालच्या पत्र्यावर मार्करने एक सरळ रेघ ओढा. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरलाय, हे पाना न लावताच कळतं. रबर दाबलं जाऊन बसतं, त्यामुळे 50 किलोमीटरनंतर बोल्ट थोडे सैल होणारच. तेव्हा एकदा, 500 किलोमीटरनंतर पुन्हा, आणि पुढे प्रत्येक सहलीच्या आदल्या दिवशी तपासा. चौकटीला नायलॉक, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले, सैल न होणारे नट वापरा. साध्या नटावर निळं लॉकटाइट (आटे धरून ठेवणारा चिकट द्रव) लावा. लाल लावलं तर नट तापवल्याशिवाय निघत नाही.

सामान चढवताना

जड वस्तू पायांच्या जोड्यांच्या मध्ये आणि मधल्या रेषेवर, हलक्या कडेला. खरं तर जड वस्तू वर न्यायच्याच नाहीत. टप ही मोठ्या पण हलक्या सामानाची जागा आहे. पाण्याचा 20 लिटरचा कॅन, अवजारांची पेटी, जॅक हे सगळं खाली, मागच्या सीटच्या पाठीला टेकून. पेट्रोल-डिझेलचे भरलेले कॅन आणि गॅसची टाकी टपावर नको. उन्हात इंधन फुगतं, आणि फांदी आदळली तर पहिला मार त्यांनाच बसतो.

बांधायला 25 मिलिमीटरचे पॉलिएस्टरचे रॅचेट पट्टे घ्या. नायलॉनची दोरी पावसात पाणी पिऊन ताणली जाते. पुण्यातून निघताना घट्ट असलेली गाठ ताम्हिणीत ढिली सापडते. कोरड्या रस्त्यावर कचकन ब्रेक लागला तर 40 किलोचं सामान साधारण 30 किलोच्या जोराने पुढे सरकू बघतं. म्हणून आडव्या दोन पट्ट्यांखेरीज एक पट्टा पुढून मागे, सामानाच्या नाकावरून घ्या. पट्टे सामानावरून आणि थेट कॅरिअरच्या दांडीला. हुकवाले रबर फक्त ताडपत्रीची कड दाबायला. पट्टा वाऱ्यात भुणभुणत असेल तर त्याला एक-दोन पीळ द्या, आवाज बंद होतो. पट्ट्याचं मोकळं शेपूट गुंडाळून अडकवा, नाहीतर ते टपाचा रंग झोडपून काढतं. निघाल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी थांबून पट्टे पुन्हा ओढा. सामान दबून बसलेलं असतंच.

गोल दांडी शीळ घालत असेल तर तिच्याभोवती 6 ते 8 मिलिमीटरची दोरी, दर वितीला एक वेढा पडेल अशी, तिरकी गुंडाळा. दांडीच्या मागे हवेचे सारखे भोवरे सुटतात त्यामुळे शीळ वाजते. दोरीने ती लय मोडते.

चालवताना

बोलेरोची उंची 1880 मिलिमीटर, पाच दारांच्या जिमनीची 1720. कॅरिअर आणि सामान धरून नवी उंची टेपने मोजा आणि स्टिअरिंगसमोर चिठ्ठी चिकटवा. सामान चढलेली बोलेरो 2.1 मीटरच्या तळघरी पार्किंगमध्ये अडकू शकते. कोकणातल्या गल्ल्यांत आंब्या-फणसाच्या फांद्या खाली आलेल्या असतात. शंका आली तर उतरून बघा.

वळणावर गाडी आता जास्त कलते आणि उशिरा सावरते. घाटात वळणाच्या आधीच वेग उतरवा, वळणात ब्रेक नको. आडव्या उतारावरून, म्हणजे एक बाजू वर आणि एक खाली अशा वाटेवर जायचंच असेल तर टपावरचं सामान आधी उतरवा. वरच्या प्रत्येक किलोने गाडीचा तोल वर सरकतो आणि रिकाम्या गाडीने आरामात काढलेली वाट भरलेल्या गाडीला उलटवू शकते. वाट नेहमीची असली तरी हे विसरू नका.

समुद्रकाठाहून आल्यावर कॅरिअर आणि पन्हळ गोड्या पाण्याने धुवा. ॲल्युमिनियमला स्टेनलेसचा बोल्ट टेकला आणि मध्ये खारट ओल राहिली की ॲल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झिजतं. त्यांच्यामध्ये नायलॉनचा वॉशर घाला आणि आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं वंगण) लावा. कोरडे स्टेनलेस नट-बोल्ट एकमेकांत जाम होतात. मात्र अँटी-सीझ लावलेला बोल्ट त्याच टॉर्कला जास्त ताणला जातो, म्हणून आकडा पाचव्या हिश्शाने कमी करा. लोखंडी कॅरिअरचा रंग जिथे टवका उडून निघाला तिथे त्याच आठवड्यात झिंकचा स्प्रे मारा.

सहली नसतील त्या महिन्यांत कॅरिअर काढून ठेवा. नुसत्या रिकाम्या कॅरिअरनेही डिझेल जास्त जातं आणि त्याच्या पायांखाली पन्हळ ओली राहते. काढलेले बोल्ट त्या-त्या पायात परत अडकवून ठेवा आणि डावा-उजवा पाय मार्करने लिहून ठेवा.