चॅनल गेलं म्हणजे नेमकं काय गेलं? गावच्या केबलची वही ठेवायची रीत

केबलवाल्याच्या फोनवर दोनच तक्रारी येतात. "भाऊ, टीव्ही नाई दिसून राह्यला," आणि "भाऊ, माहं चॅनल गेलं." पहिली आली की शिडी उचलायची आणि निघायचं. मेख आहे ती दुसरीत. चॅनलचा नंबर बदलला, की ते पॅकमधून निघालं, की वरून त्याची फ्रिक्वेन्सी हलवली, की कंपन्यांचं आपसात फिसकटलं, की शेवटच्या टॅपमध्ये, म्हणजे लाइनीतून घरांना जोडणी फोडणाऱ्या डबीत, पाणी शिरलं? कारणं पाच, पण घरच्या आजीला दिसतो तो एकच काळा पडदा. आणि तिच्या लेखी पाचही वेळा दोष केबलवाल्याचाच.

आर्णी तालुक्यातल्या दोनचार गावांत माझी लाइन आहे. फीड यवतमाळहून फायबरनं येते, गावात नोड (फायबरवरचा सिग्नल केबलवर उतरवणारा डबा), तिथून पुढं तांब्याची केबल. वर, म्हणजे सिग्नल पुरवणाऱ्या कंपनीकडं, काय बदललं हे आमच्यासारख्याला कोणी आपणहून सांगत नाही; सांगितलंच तर बदल झाल्यावर, व्हॉट्सअ‍ॅपवर, अर्धवट. म्हणून वही ठेवावी लागते. तुमची स्वतःची लाइन असो की घरबसल्या हा हिशेब ठेवायची हौस असो, रीत एकच.

बहुतेक जण यादी चॅनल नंबरप्रमाणे लिहितात. ती यादी गिऱ्हाइकाला द्यायला बरी, बिघाड शोधायला बिनकामाची. वही फ्रिक्वेन्सीप्रमाणे लावा. अ‍ॅनालॉगच्या काळात एका फ्रिक्वेन्सीवर एकच चॅनल असायचं. सरकारनं केबल डिजिटल करायला लावली, त्याचा चौथा टप्पा, म्हणजे आपल्या खेड्यापाड्यांचा, त्याची शेवटची मुदत ३१ मार्च २०१७ होती. तेव्हापासून ८ मेगाहर्ट्झच्या एकेका पट्टीत चॅनलांचा गठ्ठा बसतो. क्वाम म्हणजे सिग्नलमध्ये माहिती किती दाटीनं भरली त्याचा आकडा, आणि सिम्बॉल रेट म्हणजे ती पाठवायचा वेग. ६४ क्वाम आणि ६८७५ सिम्बॉल रेट असेल तर एका पट्टीतून सेकंदाला साधारण ३८ मेगाबिट जातात. एमपेग-४ (चित्र दाबून लहान करायची पद्धत, एमपेग-२ ही त्याआधीची) मधलं साधं चॅनल दीड-दोन मेगाबिटात बसतं, म्हणजे वीसेक चॅनलं एका गाडीत. एसटी बंद पडली की आतले सगळेच रस्त्यावर, तसंच इथं. म्हणून कोणतं चॅनल कोणत्या गाडीत बसलंय हे आधी माहीत पाहिजे.

एका फ्रिक्वेन्सीला एक पान द्या. वर लिहा, उदाहरणार्थ: ४०२ मेगाहर्ट्झ, ६४ क्वाम, ६८७५. खाली त्यावरची सगळी चॅनलं: नाव, नंबर, सर्व्हिस आयडी (सिग्नलमधला चॅनलचा ओळख-आकडा), एमपेग-२ की ४, कोणत्या प्रसारण कंपनीचं. उजवीकडं तारखेची रिकामी जागा भरपूर सोडा. खोडरबर वापरू नका, जुनं नाव एका रेघेनं कापा. तीन वर्षांपूर्वी तिथं काय होतं हे कधी ना कधी लागतंच. चॅनलांची नावं बदलतात आणि लोक जुन्याच नावानं विचारतात. कलर्स मराठी २०१५ पर्यंत ई टीव्ही मराठी होतं आणि एबीपी माझा २०१२ पर्यंत स्टार माझा. आमच्या इथले एक काकाजी अजून "ई टीव्ही लाव" म्हणतात, आणि त्यांच्या घरातल्या सगळ्यांना ते बरोबर कळतं.

ही माहिती काढायला महागडं मीटर लागतंच असं नाही. हल्लीच्या बऱ्याच टीव्हींत डीव्हीबी-सी, म्हणजे डिजिटल केबलचा, ट्युनर असतो. बॉक्स बाजूला ठेवा, केबल सरळ टीव्हीला लावा, सेटिंगमध्ये अँटेनाऐवजी केबल निवडा आणि डिजिटल स्कॅन मारा. चॅनलं लॉक असल्यामुळं चित्र दिसणार नाही, पण नावं आणि फ्रिक्वेन्सी येतात, आणि वहीला तेवढंच पाहिजे. स्कॅनमध्ये 'नेटवर्क' असा पर्याय असेल तर होम फ्रिक्वेन्सी आणि सिम्बॉल रेट भरावा लागतो. त्या एका फ्रिक्वेन्सीवरून टीव्ही नेटवर्कचा तक्ता वाचतो आणि बाकीच्या पट्ट्या स्वतःच शोधतो. मी मात्र अधूनमधून 'फुल' स्कॅनही मारतो. कारण तक्त्यात नसलेली पण लाइनवर चालू असलेली पट्टी त्यातच सापडते. नवीन चॅनलं आधी अशाच पट्टीवर चाचणीला येतात आणि घोषणा मागून होते.

बॉक्सवरूनही बरंच कळतं. मेनूत सिग्नलचं पान असतं: फ्रिक्वेन्सी, ताकद, दर्जा. लाइनवरच्या पोरांना मी सांगून ठेवलंय, तक्रारीच्या घरी गेल्यावर आधी ह्या पानाचा मोबाईलवर फोटो काढायचा, मग शिडी.

आता मुख्य गोष्ट. "चॅनल गेलं" असा फोन आला की पहिला प्रश्न विचारा: "अजून कोणतं गेलं?" आणि उत्तर वहीशी ताडून पाहा.

गेलेली सगळी चॅनलं एकाच पानावरची निघाली तर मामला तांत्रिक आहे. ती पट्टी वरून बंद आहे, किंवा हलवली, किंवा त्या घरापर्यंत नीट पोहोचत नाही. पानं वेगवेगळी पण कंपनी एकच निघाली, तर मामला पैशाचा किंवा कराराचा. खांबावर चढू नका. फेब्रुवारी २०२३ मध्ये हेच झालं. नव्या दरांच्या करारावर सह्या न करणाऱ्या केबल कंपन्यांचे सिग्नल मोठ्या प्रसारकांनी थांबवले होते. वही असलेल्याला पाच मिनिटांत उमगलं, नसलेले पिना (केबलच्या टोकाचे कनेक्टर) बदलत बसले. आणि एकच चॅनल गेलं असेल तर आधी नंबर बदललाय का ते पाहा, मग त्या घराचा पॅक, आणि शेवटी वर फोन.

दुसरा प्रश्न: "सह्याद्री दिसते का?" दूरदर्शनची ठरावीक चॅनलं दाखवणं केबलवाल्याला कायद्यानंच बंधनकारक आहे, त्यामुळं ती पॅकच्या किंवा कराराच्या भांडणात जात नाहीत. सह्याद्री गेली म्हणजे बिघाड लाइनीत नाहीतर बॉक्समध्ये.

तिसरा प्रश्न शेजाऱ्याचा. शेजारी दिसत असेल तर घर तपासा, नसेल तर टॅप, आणि अख्खी गल्ली गेली असेल तर अ‍ॅम्प्लिफायर. हे लाइनमनला शिकवावं लागत नाही.

पानं फ्रिक्वेन्सीच्या चढत्या क्रमानं लावली की आणखी एक फायदा होतो. गेलेली पानं वहीच्या कोणत्या टोकाची आहेत हे बघा. फक्त शेवटची, म्हणजे वरच्या फ्रिक्वेन्सीची पानं गेली असतील तर लांबी किंवा ओल. आरजी-६, म्हणजे घरापर्यंत जाते त्या, केबलमध्ये १०० मेगाहर्ट्झला जेवढा सिग्नल झिजतो त्याच्या साधारण तिप्पट डेसिबल ८५० च्या आसपास झिजतो, म्हणून गावाच्या टोकाच्या वस्तीवर वरची चॅनलं आधी फुटतात. मृगाच्या पावसानंतर जॉइंटमध्ये पाणी उतरलं तरी हेच. उलट, वहीची सुरुवातीची पानं गेली आणि शेवटची ठीक असली तर आतली तांब्याची तार कुठंतरी तुटली किंवा पिनेतून निसटली आहे असं समजा. तुटलेल्या फटीतून वरच्या फ्रिक्वेन्सी कशाबशा उडी मारतात, खालच्यांना ते जमत नाही. सोयाबीनची सोंगणी झाल्यावर आणि कापसाच्या गाड्या भरभरून निघायला लागल्या की आमच्याकडं ही तक्रार हमखास येते. ट्रॉलीवरचा ढीग केबलला ओढ देऊन जातो, वरून केबल साबूत दिसते, आत तार सुटलेली असते. वानरांच्या झोक्यांचंही तेच.

मधलीच एकदोन पानं खराब, आणि तीही साधारण ७५८ ते ८०३ मेगाहर्ट्झमधली असतील तर जवळ नवा मोबाईल टॉवर उभा राहिला का ते पाहा. ७०० च्या बँडमधल्या मोबाईल सेवेत टॉवरकडून फोनकडं येणारा सिग्नल ह्याच जागेत असतो, आणि ढिल्या पिनेतून तो आपल्या केबलमध्ये घुसतो. टॉवरशी भांडून उपयोग नाही, पिन बदला.

एप्रिल-मेमध्ये वहीत एक कोपरा उन्हासाठी ठेवा. पत्र्याच्या पेटीतला अ‍ॅम्प्लिफायर पंचेचाळीस डिग्रीच्या दुपारी वेगळा वागतो आणि रात्री वेगळा. तक्रारीची वेळ लिहिली नसेल तर हे कधीच सापडत नाही, कारण तुम्ही संध्याकाळी ऊन उतरल्यावर जाता तेव्हा सगळं छान चालू असतं आणि घरची मंडळी तुमच्याकडं अशी पाहतात की जणू तुम्हीच येताना दुरुस्त करून आलात.

वरच्या कंपनीच्या तांत्रिक बदलांपैकी दोन खरोखर डोकं खातात. पहिला, क्वाम वाढवणं. एचडीला जागा करायला एखादी पट्टी ६४ वरून २५६ क्वामवर नेतात. जागा ३८ वरून ५० मेगाबिटांवर जाते, पण बदल्यात सिग्नल सुमारे ६ डेसिबल अधिक स्वच्छ लागतो. कालपर्यंत कसंबसं चालणारं टोकाचं घर आज चौकोन पाडतं, आणि तुमच्या लाइनीत तर काहीच बदललेलं नसतं! म्हणून क्वामचा आकडा पानाच्या डोक्यावर ठळक लिहा. मी ६४ ला एमईआर (सिग्नल किती स्वच्छ त्याचं डेसिबलमधलं माप) ३० च्या आणि २५६ ला ३४ च्या खाली जाऊ देत नाही. बॉक्स त्याहून कमीवरही चालतो, पण मग पहिल्याच पावसात फोन येतात.

दुसरा, एमपेग-२ वरून एमपेग-४. खूण सोपी आहे: आवाज येतो, चित्र येत नाही, तेही फक्त जुन्याच बॉक्सवर. वहीच्या शेवटी कोणाकडं कोणत्या मॉडेलचा बॉक्स आहे ही यादी ठेवली असेल तर अशा बदलाआधीच कोणाला फोन करायचा ते कळतं. बॉक्सचा आणि व्हीसीचा (बॉक्समधल्या कार्डाचा) नंबर तिथंच लिहा.

नंबरांबद्दल एक नियम पाठ असू द्या. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, २०१७ च्या नियमांप्रमाणे चॅनलला दिलेला नंबर किमान वर्षभर बदलता येत नाही. चॅनलच नेटवर्कवर उरलं नाही किंवा प्रसारकानं त्याचा प्रकार बदलला तर गोष्ट वेगळी. एका प्रकारची चॅनलं सलग, आणि त्यातही एका भाषेची एकत्र असावी लागतात. म्हणून एखादं चॅनल बातम्यांतून मनोरंजनात गेलं की त्याचा नंबर उडतो. नंबर वारंवार हलत असतील तर वहीतल्या तारखा दाखवून वर विचारा. तारीख दाखवली की समोरचा आवाज बदलतो.

दराची नोंद वेगळ्या पानावर. १ फेब्रुवारी २०१९ पासून प्रत्येक पे चॅनलचा कमाल दर जाहीर असतो. नोव्हेंबर २०२२ च्या दुरुस्तीनंतर पॅकमध्ये घालायच्या चॅनलचा दर १९ रुपयांच्या वर नेता येत नाही. ९९९ नंबरच्या चॅनलवर ग्राहकांसाठीची माहिती दिसते. महिन्याच्या सुरुवातीला ते एकदा लावून फोटो काढून ठेवा, वाद आला तर तो फोटो कामी येतो.

बदल दिसला की आधी आपल्याच घरचा जुना बॉक्स पाहा. तक्ता बदलला की नवे बॉक्स स्वतःच विचारतात, 'अपडेट करू का?' जुने काही मुकाट जुन्या फ्रिक्वेन्सीवर बसून राहतात. त्यांना हातानं स्कॅन मारावा लागतो. पॅक नव्यानं चालू केला असेल तर बॉक्स काही वेळ चालूच ठेवायला सांगा. परवानगीचा संदेश केबलमधूनच येतो, बंद डब्याला तो मिळत नाही. लोडशेडिंगच्या वेळेत पॅक चालू करून "अजून नाई आलं" ऐकत बसण्यात अर्थ नाही.

लोकांना सांगताना व्हॉट्सअ‍ॅपवर लांबलचक यादी टाकू नका, कोणी वाचत नाही. फक्त बदललेले नंबर, जुना आणि नवा, मोठ्या अक्षरात, एका फोटोत. तोच कागद पिठाच्या गिरणीवर आणि चहाच्या टपरीवर चिकटवा. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या घरी मात्र जावंच लागतं. त्यांचं सगळं टीव्ही पाहणं पाठ केलेल्या तीन-चार नंबरांवर चालतं, आणि त्यातला एक हलला की संध्याकाळच्या मालिकेच्या वेळेला फोन ठरलेला. अशा घरांच्या नावापुढं मी वहीत त्यांचे नंबरच लिहून ठेवलेत. त्यातला एखादा बदलला की पोराला दुपारीच तिकडं पाठवतो.