बेटावरचं डिझेल वीजघर चालवताय? या चुका टाळा

लक्षद्वीपच्या कवरत्ती, मिनिकॉयसारख्या बेटांवर मुख्य भूमीची ग्रिड पोचत नाही. सौर पॅनेल आले, तरी मुख्य भार डिझेल सेटवरच, म्हणजे डिझेल जनरेटरवरच. आपल्या घारापुरीतही २०१८ साली समुद्राखालून केबल येईपर्यंत संध्याकाळचे काही तास जनरेटरच चालायचा. अशा ठिकाणी सगळे ओव्हरलोडला घाबरतात. सेटचं आयुष्य खातो तो मात्र बहुतेकदा कमी लोड.

मध्यरात्री गावाची मागणी उतरते, तरी सेट बदलायचा कंटाळा म्हणून मोठाच फिरत ठेवतात. क्षमतेच्या ३० टक्क्यांखाली तासन्‌तास चालला की सिलिंडर पुरेसा तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं आणि एक्झॉस्टच्या सांध्यांतून काळा, तेलकट द्रव गळू लागतो. ऑइलची गळती समजून गॅस्केट बदलत बसू नका. लोड हळूहळू ७०-७५ टक्क्यांवर न्या आणि काही तास तसाच ठेवा. एकदम चढवलात तर सायलेन्सरमध्ये साचलेली काजळी पेट घेऊ शकते. गावाचा लोड पुरत नसेल तर पाण्याचे पंप त्या वेळेत चालवा, नाहीतर लोड बँक (नुसती वीज खाऊन भार देणारं यंत्र) लावा. लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर) गुळगुळीत होऊन चकाकू लागला असेल, तर मात्र इंजिन उघडावंच लागेल. दुपारी सौर वीज भरपूर आली की सेटवरचा लोड उतरून हीच गत होते, हे पॅनेल बसवताना कुणी सांगत नाही. नवी खरेदी असेल तर एका मोठ्या सेटऐवजी लहान-मोठे दोन-तीन घ्या.

डिझेलची टाकी अर्धी ठेवू नका. दमट हवेचं पाणी आत धरतं, तळाशी बुरशीचा काळा चिखल होतो आणि फिल्टर पुन्हापुन्हा चोंदतात. तळाचा कॉक उघडून पाणी रोज काढा.

डिपस्टिकवर ऑइल आपोआप वाढलेलं दिसलं तर सेट लगेच बंद करा. त्यात डिझेल किंवा कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) मिसळतंय.

रेडिएटरमध्ये विहिरीचं मचूळ पाणी नको. बाहेरच्या जाळीवरचा खारही गोड्या पाण्याने धुवा.

दोन सेट जोडताना व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी जुळवूनही एक रिव्हर्स पॉवरवर (दुसऱ्याची वीज उलटी त्यात शिरल्यामुळे) ट्रिप होतोय? त्याला बंद पाडणारा संरक्षक रिले बायपास करू नका. आधी दोन्ही गव्हर्नरचा (इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या भागाचा) ड्रूप, म्हणजे लोड वाढला की वेग किती उतरतो ते प्रमाण, सारखा आहे का ते पाहा, मग ट्रिप होणाऱ्या सेटचा डिझेल फिल्टर.

फिल्टर, बेल्ट, इंजेक्टर आणि स्टार्टिंग बॅटरी पावसाळ्याआधीच मागवून ठेवा. जूनमध्ये समुद्र खवळला की बोटीचा भरवसा नाही.