अलास्का हायवे: प्राणी आणि डोंगर बघायला निघताना या चुका टाळा

मंचो लेकच्या काठाकाठाने रस्ता वळतो, तिथे एका सकाळी सात-आठ रानमेंढ्या भर रस्त्यात उभ्या होत्या. स्टोन शीप. अंगाने राखाडी-तपकिरी आणि डांबर चाटण्यात अगदी गुंग. डोंगरातून झिरपणारे क्षार त्यांना हवे असतात, म्हणून त्या खाली उतरतात. आम्ही इंजिन बंद करून काच दोन बोटं खाली केली होती. खरखरीत जीभ डांबरावर घासल्याचा आवाज स्पष्ट येत होता. तेवढ्यात मागच्या गाडीने हॉर्न दिला आणि कळप उधळला तो थेट समोरून येणाऱ्या ट्रकपुढे. ट्रकवाल्याने आधीच वेग कमी केला होता, म्हणून सगळ्या वाचल्या.

तो हॉर्न मी विसरलेले नाही. इथले प्राणी रस्त्याला लागूनच राहतात, चरतात, पिल्लं वाढवतात. आपली घाई त्यांच्या जिवावर बेतते, आणि कधी आपल्याही.

सर्वांत मोठी चूक: किलोमीटर मोजून बेत आखणं

ब्रिटिश कोलंबियातल्या डॉसन क्रीकपासून अलास्कातल्या डेल्टा जंक्शनपर्यंत हा रस्ता सव्वादोन हजार किलोमीटरच्या आसपास भरतो. 1942 मध्ये अमेरिकन सैन्याने युद्धासाठी तो घाईघाईने काढला आणि सामान्य वाहनांना 1948 मध्ये खुला झाला. आता बहुतेक सगळा डांबरी असल्याने लोकांना वाटतं, कॅनडातल्या युकॉन प्रांताची राजधानी व्हाइटहॉर्सपर्यंतचे 1,400 किलोमीटर दोन दिवसांत सहज होतील. होतातही. पण मग फोर्ट नेल्सन ते वॉटसन लेक हा सर्वांत देखणा टप्पा नेमका संध्याकाळच्या थकव्यात निघून जातो. 1,295 मीटरवरचं समिट लेक हे या हायवेचं सर्वोच्च ठिकाण, पुढे हिरव्या-निळ्या पाण्याचं मंचो लेक आणि मग लियार्डचे गरम पाण्याचे झरे, सगळं याच पाचशे किलोमीटरमध्ये आहे. एवढ्या टप्प्यालाच दोन दिवस द्या. लियार्डला झऱ्याकडे जाणारी लाकडी पायवाट कोमट पाण्याच्या दलदलीवरून जाते. तिथे मूस, म्हणजे उंच पायांचं अवाढव्य हरीण, चरताना दिसू शकते, पण पहाटे किंवा उशिरा संध्याकाळी. भर दुपारी पोचलात तर नुसती गर्दी.

याच पट्ट्यात टाकी अर्धी झाली की पेट्रोल भरायचं, पुढच्या पंपाची वाट बघायची नाही. जुने ढाबेवजा लॉज बरेच बंद पडलेत. मोबाइलला तर तासन्तास रेंज नसते, त्यामुळे नकाशे आधीच डाउनलोड करून ठेवा.

अंधारात गाडी चालवणं

लियार्डच्या पुढे रानगवे, म्हणजे वुड बायसन, कळपाने रस्त्याकडेला असतात. मोठा नर 900 किलोपर्यंत भरतो. रंग गडद तपकिरी, मान खाली. रात्री हेडलाइटमध्ये त्याचे डोळे चमकलेले दिसतीलच असं नाही, आणि दिसतो तेव्हा तो अगदी पुढ्यात असतो. मूसचं तर आणखी वाईट. तिचे पाय इतके उंच की धडक बसली की धड बॉनेटवरून सरळ काचेवर येतं. जूनमध्ये व्हाइटहॉर्सला जवळजवळ एकोणीस तासांचा दिवस असतो, तेव्हा रात्री गाडी हाकायचं कारणच नाही. ऑगस्ट सरता सरता रात्र परत येते. तेव्हापासून अंधार पडायच्या आत मुक्काम गाठाच. युकॉनमध्ये हेडलाइट दिवसाही चालू ठेवावे लागतात, तसा कायदाच आहे.

अस्वल दिसलं की काय करू नये

मे-जूनमध्ये काळी अस्वलं आणि ग्रिझली, म्हणजे मोठी तपकिरी अस्वलं, रस्त्याच्या कडेच्या गवतात डँडेलियनची पिवळी फुलं खाताना दिसतात. ओठांनी एकेक फूल अलगद खुडतात, त्या अवाढव्य तोंडाला ते कसं जमतं याचं नवल वाटतं. हिवाळाभर झोपून उठलेल्या जिवाचं ते खरंखुरं जेवण असतं. आणि नेमकं तेव्हाच लोक खाली उतरतात, मुलांना पुढे उभं करून फोटो काढतात.

गाडीतून उतरू नका. उत्तम म्हणजे वेग कमी करून पुढे जा. थांबायचंच असेल तर वळणावर किंवा चढाच्या माथ्यावर नको. समोरचा-मागचा रस्ता मोकळा दिसतो अशा जागी पूर्ण कडेला घ्या, इंडिकेटर लावा, दोन-तीन मिनिटं बघा आणि निघा. कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यानांत अस्वल-लांडग्यांपासून 100 मीटर आणि मूस-मेंढ्यांपासून 30 मीटर अंतर ठेवायला सांगतात. अलास्कातल्या डेनाली राष्ट्रीय उद्यानात अस्वलापासून सुमारे 275 मीटर. फोटो मोबाइलवर ठिपक्याएवढा येईल, येऊ दे. चांगली दुर्बीण घेतलीत तर फोटोची हळहळ राहत नाही.

खायला घालणं तर मनातही आणू नका. चिवड्याची चव लागलेलं अस्वल पुढच्या प्रत्येक गाडीकडे येतं आणि शेवटी त्याला मारावं लागतं. आपल्या मंडळींना एक आग्रहाने सांगते: लोणचं, लाडू, तळणीचा वास लागलेले कपडे, टूथपेस्टसुद्धा तंबूत ठेवू नका. सगळं काचा बंद करून गाडीत, किंवा कॅम्पग्राउंडवरच्या लोखंडी पेटीत.

बेअर स्प्रे, म्हणजे अस्वलाला रोखायचा तिखट फवारा, विमानात चालत नाही, हातातल्या बॅगेत नाही आणि चेक-इनमध्येही नाही. तिथे पोचल्यावर विकत घ्या. तो कमरेला असावा, बॅगेच्या तळाशी नव्हे. ओडोमॉससारखा अंगाला किंवा तंबूला मारायचा नसतो, तो अंगावर चालून येणाऱ्या अस्वलाच्या तोंडावर मारायचा असतो. अस्वलापुढे पळू नका. मूस अंगावर आली तर मात्र पळा आणि झाडाआड व्हा.

डोंगर दिसलाच नाही

ही तक्रार नेहमीची. कॅनडातलं सर्वांत उंच शिखर माउंट लोगन, 5,959 मीटर, युकॉनमधल्या क्लुआनी राष्ट्रीय उद्यानात आहे खरं, पण हायवेवरून ते दिसत नाही, पुढच्या रांगा आड येतात. ते बघायचं तर हिमनद्यांवरून छोट्या विमानाने जावं लागतं. 6,190 मीटरचं डेनाली बहुतेक वेळा ढगात असतं, तिथे जाणाऱ्या तिघांतल्या एखाद्यालाच दिसतं. एका दिवसाचा बेत असेल तर निराशा ठरलेलीच. तीन दिवस ठेवा, पहाटे उठा. खासगी गाडीला पार्कच्या रस्त्यावर पंधराव्या मैलापर्यंतच सोडतात, पुढे बस. 2021 मध्ये दरड सरकल्यापासून बसही अर्ध्या वाटेवरून परतत आली आहे, तेव्हा तिकीट काढण्याआधी ताजी माहिती घ्या. शिवाय उन्हाळ्यात वणव्यांचा धूर अख्खा आठवडा डोंगर झाकून टाकू शकतो.

कागदपत्रांचं थोडक्यात: अमेरिकेतून गाडीने अलास्काला जायचं म्हणजे कॅनडातून जाणं आलं, म्हणून भारतातून आलेल्या आईवडिलांसाठी कॅनडाचा व्हिसाही लागतो. भाड्याच्या गाडीचा करार नीट वाचा, कच्च्या रस्त्यावर न्यायला बऱ्याचदा मनाई असते. हेन्स जंक्शनच्या पुढे, बीव्हर क्रीकपर्यंत, गोठलेली जमीन वितळल्याने रस्ता लाटेसारखा झालाय. कडेला छोटी झेंडी दिसली की ब्रेक.

क्लुआनी लेकच्या टोकाला कधी धुरळ्याचा पडदा उभा दिसेल, लोक त्याला धूर समजतात. 2016 मध्ये कास्कावुल्श हिमनदी मागे हटली आणि स्लिम्स नदीचं पाणी दुसरीकडे वळलं. तिचं कोरडं पात्र वाऱ्यावर उडतं. तिथे कॅमेऱ्याची लेन्स बदलू नका. वारा पडला की समोरचा शीप माउंटन बघा. उतारावरचे पांढरे ठिपके बर्फ समजून सोडून देऊ नका. पाच मिनिटांनी परत दुर्बीण लावा. ठिपक्याने जागा बदलली असेल तर ती डॉल शीप, म्हणजे पांढरी रानमेंढी.