जळगावातल्या कारखान्यात स्त्री-पुरुष संवादाचं सत्र घ्यायचंय? आधी ही तयारी करा

तारखेआधी पाळ्यांचं वेळापत्रक बघा. एमआयडीसीतल्या चटई कारखान्यात किंवा डाळमिलमध्ये सुटीनंतर सत्र ठेवलं, तर नशिराबाद-कुसुंब्याच्या बायांचा जीव रिक्षात अडकलेला असतो. सत्र कामाच्या वेळेतच होईल, हजेरी कापणार नाही, हे मालकाकडून आधीच कबूल करून घ्या. एप्रिल-मे असेल तर सकाळीच. दुपारी पत्र्याखाली कोण ऐकणार?

आठवडाभर आधी बायांशी वेगळं आणि पुरुषांशी वेगळं बोला. तयारीतला सगळ्यात जास्त वेळ इथे जाऊ द्या. "काही त्रास आहे का?" असं विचारलं की "नाही" एवढंच उत्तर येतं. म्हणून विचारा, मशीन बंद पडलं तर कुणाला सांगता? सुपरवायझर काय म्हणून हाक मारतो? शेजारच्या मशीनवरचा माणूस "पाटील भाऊ", आणि दहा वर्षं तेच काम करणारी मात्र "ए बाई", हे तिथेच कळतं. अशी वाक्यं वहीत जशीच्या तशी टिपा, नावं लिहू नका. पुरुषही मोकळेपणानं सांगतात, की चूक दाखवली तर तक्रार होईल म्हणून आम्ही बोलतच नाही. ही भीती हसण्यावारी नेऊ नका. तिच्यापायी बाईला काम शिकवणंच थांबतं, आणि मला हे सगळ्यात जास्त खुपतं.

टिपलेल्या वाक्यांवरूनच सत्रात करून दाखवायचे छोटे प्रसंग बांधा. अमळनेर-धुळ्याकडची माणसं जास्त असतील तर अहिराणीत करा. सुपरवायझरच्या जागी बाईला उभं करा आणि सुपरवायझरला मशीनवर.

2013 चा लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा थोडक्यात सांगा, पण अशा तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती कारखान्यात आहे का हे त्याआधी तपासा. 10 किंवा जास्त माणसं कामाला असतील तर ती लागतेच. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची स्त्री, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया, एक सदस्य बाहेरचा. तक्रार घटनेपासून साधारण 3 महिन्यांत द्यायची असते. ठेकेदाराकडच्या बायांनाही हा हक्क आहे, हे मुद्दाम सांगा. त्यांना कुणी सांगत नाही.

खुर्च्या गोलात मांडा. मालकांना सुरुवातीला दोन शब्द बोलू द्या, मग नम्रपणे निरोप द्या. पंधरा दिवसांनी तीच वही घेऊन परत जा आणि पहिला प्रश्न हाकेचाच विचारा.