एचएलएच्या आकड्यांवरून ‘हे लोक मूळचे कुठले’ ते कसं बघायचं (सुदान घेऊन शिकूया)

मावसभावाच्या किडनीसाठी घरातल्या चौघांचं एचएलए टायपिंग केलं (एचएलए म्हणजे पेशीवरच्या ओळखखुणांचे जीन, अवयव जुळेल का ते त्यावरून बघतात), रिपोर्ट आले तसे माझ्याकडेच, कारण घरात बायोटेक शिकवणारा मी एकटा. आणि मावशीचा पहिला प्रश्न काय, तर “यात आपण मूळचे कुठले ते लिहिलंय का रे?” डोनर कोण जुळतोय ते राहिलं बाजूला. पण प्रश्न काही चुकीचा नाही ओ, दरवर्षी प्रोजेक्टला बसणारी पोरं पण हेच विचारतात आणि मग नेटवरून दोन टक्केवाऱ्या उचलून ठोकून देतात की अमुक लोक तमुक ठिकाणून आले. तसं होऊ नये म्हणून हे लिहितोय. उदाहरण मुद्दाम सुदानचं घेतो, आपल्याकडचं घेतलं की जातीवरून भांडणं सुरू होतात आणि शिकायचं राहून जातं.

आधी नाव वाचायला शिका. ए*०२:०१ असं दिसलं तर ‘ए’ म्हणजे जीन, ताऱ्यानंतरचे दोन आकडे म्हणजे गट, कोलननंतरचे म्हणजे नेमकं कुठलं प्रोटीन. जुन्या अभ्यासांत नुसतं ‘ए२’ एवढंच असतं, त्यामुळे जुना आणि नवा डेटा शेजारी ठेवायचा तर नव्याचे पुढचे आकडे सोडून दोघांना गटावर आणा, नाहीतर आंबा आणि हापूस यांची तुलना होईल. एचएलए जीन्स सहाव्या क्रोमोसोमवर. दुसरं कुटुंब केआयआर, ते एकोणिसाव्यावर, एनके पेशींवर (रोगट पेशी मारणाऱ्या पांढऱ्या पेशी) बसून एचएलएकडे बघणारे रिसेप्टर. त्याच्या नावातच सगळं आहे, २डी किंवा ३डी म्हणजे बाहेर किती डोमेन, एल म्हणजे लांब शेपूट आणि बहुतेक वेळा ब्रेक लावणारा, एस म्हणजे आखूड शेपूट, पेशीला उठवणारा.

आता आकडे. एकाच जीनची जी वेगवेगळी रूपं असतात त्यातलं एक म्हणजे अलील. अलील फ्रिक्वेन्सी नेट डेटाबेस फुकट बघता येतो, तिथे देश टाकला की तक्ते येतात. इथे सगळ्यात जास्त पोरं पडतात ती एका साध्या गोष्टीत. एचएलएचा आकडा बहुतेक वेळा अलीलचा असतो, म्हणजे एका माणसाच्या दोन प्रती मोजून, आणि केआयआरचा आकडा बहुतेक वेळा ‘किती टक्के माणसांत हा जीन आहे’ असा. अलील ५ टक्के असला तर तो बाळगणारी माणसं जवळजवळ पावणेदहा टक्के निघतात. दोन्ही एका ग्राफवर टाकले की झाला घोटाळा.

मग सॅम्पल किती ते बघा. समजा ४० माणसं, म्हणजे ८० प्रती, त्यात एखादा अलील चारदा सापडला, लिहिणार ५ टक्के. पण खरा आकडा दीड टक्काही असू शकतो आणि बारा टक्केही. त्यावर वंशाची इमारत उभी करायची नाही.

आणि सॅम्पल कुणाचं? इथे थोडं थांबतो, कारण सगळा खेळ इथेच आहे. ‘सुदानी’ असा एक माणूस नसतो. नाईलच्या काठाने उत्तरेला नुबियन, लाल समुद्राकडच्या डोंगरात बेजा, पश्चिमेला दारफुरात फुर, मसालित, झगावा, कोर्दोफानात नुबा, मधल्या नाईलवर जाअलीन आणि शायगिया असे अरबी बोलणारे, शिवाय पश्चिम आफ्रिकेकडून आलेले हौसा आणि फुलानी. दिंका, नुएर, शिल्लुक हे निलोटिक लोक, ते २०११ च्या ९ जुलैपासून दक्षिण सुदान नावाच्या वेगळ्या देशात गेले, म्हणजे त्याआधीच्या अभ्यासात ‘सुदान’ लिहिलं असेल तर त्यात ते असू शकतात. भाषा बघाल तर नायलो-सहारन, आफ्रो-एशियाटिक आणि नायजर-काँगो, तीन मोठी घराणी एका देशात. खार्टूमच्या दवाखान्यात रांगेतल्या लोकांचं रक्त घेतलं तर ते कुठल्या गावचं? आपल्या सोलापूरच्या सिव्हिलमध्ये रांगेतल्या शंभर जणांचं रक्त घेऊन ‘महाराष्ट्र’ म्हणून छापलं तर चालेल का? अशोक चौकाकडचा पद्मशाली, अक्कलकोटचा कन्नड बोलणारा, मंगळवेढ्याचा मराठी, सगळे एका भांड्यात.

भाषेवरून रक्त ठरवू नका हे तर सोलापूरकराला सांगायला लागू नये. इथे घरात तेलुगू, बाजारात मराठी, मित्रांत हिंदी बोलणारा माणूस गल्लीगल्लीत आहे. सुदानात तेच मोठ्या प्रमाणावर झालं. जाअलीन आपली वंशावळ थेट पैगंबरांच्या काकांपर्यंत, अब्बासपर्यंत नेतात (आपल्याकडे कुठलं घराणं राजापर्यंत जात नाही सांगा). २०१७ मध्ये सुदान आणि दक्षिण सुदानमधल्या १८ गटांच्या २२१ लोकांचा पूर्ण जीनोमवरचा अभ्यास आला, त्यात नाईलकाठचे अरबी बोलणारे आणि शेजारचे नुबियन एकमेकांच्या बरेच जवळ निघाले, दोघांत बाहेरून आलेला युरेशियन वाटा, आणि निलोटिकांत असली मिसळ जवळजवळ नाहीच. म्हणजे भाषा आणि धर्म बदलला, माणसं बऱ्याच प्रमाणात तिथलीच. आता त्याआधीचा २००८ चा वाय क्रोमोसोमचा अभ्यास घ्या, १५ गटांतले ४४५ पुरुष, त्यात अरबी बोलणाऱ्यांत वायचा ‘जे’ (J) नावाचा गट जास्त आणि निलोटिकांत वायचेच ‘ए’ आणि ‘बी’ गट जास्त, इथे भाषेशी चांगलं जुळतं. दोन्ही खरं आहे. वाय फक्त बापाकडून येतो, आई आणि आजीचं त्यात काहीच नसतं.

मग एचएलए कुठे बसतं? तर शेवटी, पहिलं नाही. कारण हे जीन रोगाशी झगडणारे आहेत, ज्या गावात जो रोग त्याप्रमाणे ते वरखाली होतात. गॅम्बियात १९९१ ला दिसलं की बी५३ (एचएलए-बी जीनचा एक गट) असलेल्या मुलांना गंभीर मलेरिया कमी होतो. आता बी५३ दोन गटांत जास्त दिसला तर ते नातेवाईक आहेत, की दोघांच्या दारात डास आहेत? नुसत्या आकड्याने कळत नाही. डफीचं तर अजून भारी. लाल पेशीवर डफी (तिथलं एक प्रोटीन) नसली की व्हायवॅक्स या प्रकारच्या मलेरियाला आत शिरायला अवघड जातं. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत जवळजवळ सगळेच डफी निगेटिव्ह, म्हणून पोरं त्याला आफ्रिकन रक्ताची फूटपट्टी समजतात. पण तो अरबस्तानातही बऱ्यापैकी आहे, आणि केप व्हर्द बेटांवर, जिथे पंधराव्या शतकापासूनच युरोपियन आणि आफ्रिकन मिसळले, तिथे बाकी जीनोममध्ये आफ्रिकन वाटा जेवढा, त्यापेक्षा डफीच्या जागी स्पष्ट जास्त निघाला. अवघ्या वीसेक पिढ्यांत. फूटपट्टीच ताणली जात असेल तर मोजणार काय?

म्हणून एकटा अलील पकडू नका, हॅप्लोटाइप पकडा, म्हणजे एकाच क्रोमोसोमवर सोबत चालणारी माळ. बी८ उत्तर युरोपातही आहे आणि उत्तर भारतातही. पण युरोपात तो ए१ आणि डीआर३ (डीआर हा अजून एक एचएलए जीन) बरोबर फिरतो, आपल्याकडे ए२६ आणि डीआर३ बरोबर. मणी तोच, माळ वेगळी. त्यात एचएलएचे काही प्रकार इतके जुने की चिंपांझीशी वाटून घेतलेले, तेव्हा ‘दोघांत एक अलील आहे’ हा पुरावाच नाही. केआयआर मात्र दुसऱ्या क्रोमोसोमवर आहे म्हणून त्याचा स्वतंत्र साक्षीदार म्हणून उपयोग होतो, पण तोही रोग आणि बाळंतपण दोन्हीच्या दबावाखाली असतो, धुतल्या तांदळासारखा नाही.

इतिहासाची तारीख शेजारी ठेवा. ६५२ मध्ये मकुरिया या नुबियन ख्रिश्चन राज्याचा इजिप्तच्या अरबांशी करार झाला, डोंगोलाच्या राजवाड्याची मशीद १३१७ ला झाली, सेन्नारची फुंज सल्तनत १५०४ ची. म्हणजे सुमारे साडेआठशे वर्षांची हळूहळू ये-जा. तुमचा हिशोब ‘एका लोंढ्यात सगळे आले’ असं म्हणत असेल तर पुन्हा तपासा.

प्रोजेक्टमध्ये वाक्य कसं लिहायचं ते पण सांगतो. ‘नुबियन हे अरब आहेत’ नाही. ‘अमुक गावातल्या इतक्या लोकांत अमुक हॅप्लोटाइप इतका आहे, शेजारच्या अमुक गटात तितका, आणि पूर्ण जीनोमचं चित्र याला जुळतं किंवा जुळत नाही’ असं. जुळत नसेल तर खूश व्हा, तिथे कदाचित कुठल्यातरी रोगाचा हात असेल आणि व्हायवाला बोलायला मुद्दा मिळतो.

मावशीला मी एवढंच सांगितलं की रिपोर्टमध्ये गाव नाही, पण मावसभावाच्या आणि त्याच्या धाकट्या भावाच्या दोन्ही माळा सारख्या आल्यात, सख्ख्या भावंडांत चारात एकदा येतात तशा. ती म्हणाली मग आधी हे सांगायचं ना.