खडकाळ जमिनीत जुनी नाणी शोधताना या चुका टाळा

मऊ मातीत मेटल डिटेक्टर शिकलेला माणूस दगडगोट्यांच्या, कडक मुरमाच्या जमिनीवर येतो, तासभर खोटे आवाज ऐकतो आणि यंत्रच खराब आहे असे ठरवून मोकळा होतो. यंत्र बहुतेक वेळा ठणठणीत असते. त्या जमिनीशी त्याचा मेळ घालून दिलेला नसतो, एवढेच.

सर्वात महागात पडणारी चूक म्हणजे ग्राउंड बॅलन्स (जमिनीतील खनिजांकडे यंत्राने दुर्लक्ष करावे म्हणून केलेली जुळवणी) न करता सेन्सिटिव्हिटी, म्हणजे यंत्राची संवेदनशीलता, शेवटच्या टोकाला नेणे. काळ्या, ज्वालामुखीजन्य खडकांत मॅग्नेटाइटसारखी लोहयुक्त खनिजे असतात आणि कॉइलच्या (यंत्राच्या खालच्या टोकाच्या चकतीच्या) चुंबकीय क्षेत्राला त्यांच्याकडून येणारा प्रतिसाद लहानशा नाण्याच्या प्रतिसादापेक्षा कितीतरी मोठा असतो. मी पहिल्या वर्षी नेमके हेच केले. एका दुपारी मी अकरा खड्डे खणले आणि प्रत्येकातून मुठीएवढा काळा दगड निघाला. अकरावा दगड कॉइलसमोर धरला, तेव्हा तो नाण्यासारखाच खणखणीत बोलला. तो दगड आजही माझ्या पिशवीत असतो, कारण नव्या जागी यंत्र लावून झाले की मी आधी त्याच्यावरच कॉइल फिरवून पाहतो.

आता माझी सवय अशी आहे: धातू नसलेली वीतभर जागा शोधून कॉइल जमिनीजवळ खाली-वर करायची, दोन्ही वेळी आवाज सारखा येईपर्यंत बॅलन्स फिरवायचा आणि सेन्सिटिव्हिटी यंत्र शांत होईपर्यंत उतरवायची. नवशिक्यांना वाटते की त्यामुळे खोली कमी होते. प्रत्यक्षात गोंगाटात बुडालेले खोलवरचे नाणे त्यानंतरच ऐकू येते. मातीचा रंग बदलला की हे सारे पुन्हा करावे. ‘ऑटोमॅटिकवर ठेवले आहे’ एवढ्यावर निर्धास्त राहणे मला पटत नाही. संशयास्पद आवाज आला की कॉइल हळूहळू वर उचलावी. दगडाचा आवाज बहुधा एकदम तुटतो, तर नाण्याचा बारीक होत जातो, पण टिकून राहतो.

दगडांच्या फटीत नाणे पुष्कळदा उभे अडकलेले असते आणि उभ्या नाण्याचा सिग्नल क्षीण येतो. म्हणून एकाच दिशेने जागा पाहून ‘इथे काही नाही’ असे म्हणू नये. त्याच पट्ट्यावरून काटकोनात पुन्हा चालावे.

दुसरी चूक माझ्या फार जिव्हारी लागलेली आहे. एकदा सिग्नल स्वच्छ होता, जमीन दगडासारखी घट्ट होती आणि मी अधीर होऊन थेट आवाजाच्या जागीच टिकाव मारला. चांदीचे नाणे वर आले ते कडेपासून मध्यापर्यंत चिरत गेलेला ताजा, पांढरा घाव घेऊनच. त्या बाजूची अक्षरे कायमची गेली. त्या जमिनीने शतकानुशतके जपलेली वस्तू मी एका क्षणात बिघडवली होती. तेव्हापासून मी आडव्या-उभ्या फेऱ्यांनी केंद्र निश्चित करतो, त्यापासून वीतभर अंतरावर पहार लावून बाजूने दगड सैल करतो आणि पुढचे काम हाताने व लाकडी काटकीने करतो. पिनपॉइंटर (नेमकी जागा दाखवणारा हातातला छोटा डिटेक्टर) खड्ड्याच्या तळाइतकाच भिंतींवरूनही फिरवावा, कारण दगड हलले की नाणे फटीतून खाली घसरते.

टिकाव किंवा पहार कॉइलजवळ ठेवू नये आणि पोलादी टोकाचे बूट घालू नयेत. 1881 मध्ये अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी अमेरिकेचे जखमी राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातील गोळी अशाच तत्त्वावरच्या उपकरणाने शोधून पाहिली. तो प्रयत्न फसण्यामागे गादीतील पोलादी स्प्रिंगा हेही एक कारण सांगितले जाते.

मोठी कॉइल गोट्यांमध्ये जमिनीला टेकत नाही, लहान वापरावी. लोखंड टाळण्यासाठी डिस्क्रिमिनेशन (नको ते धातू वगळण्याची सोय) फार चढवल्यास खिळ्याशेजारचे नाणेही हातचे जाते. मालकाची परवानगी आणि तिथला कायदा यांची खात्री केल्याशिवाय यंत्र सुरूच करू नये, संरक्षित स्थळी तर मुळीच नाही. खड्डा दगडांसकट बुजवावा.

सापडलेले नाणे तिथल्या तिथे अंगठ्याने चोळून पाहण्याचा मोह मात्र कटाक्षाने आवरावा. त्यावर चिकटलेली वाळू चांदीला ओरखडे पाडते आणि तांब्याचा जुना थर खरवडून काढते. मी ते मातीसकट मऊ कापडात गुंडाळतो आणि घरी आल्यावर डिस्टिल्ड पाण्यात भिजत ठेवतो.